वारा पडला ती दुपार

बत्तीस वर्षं मी फळ्यावर तोच एक ढग काढला. बुडाला सपाट, मधे फुगलेला, वर जाऊन लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरलेला. वर चढणाऱ्या हवेला लाल खडूचे बाण, खाली उतरणाऱ्या हवेला निळे. शहापूरच्या शाळेत नववीला दर वर्षी हा धडा यायचा आणि दर वर्षी निम्म्या वह्यांत निळे बाणही वर तोंड करून उभे असायचे. हवा वर जाते हे मुलांना पटतं. चुलीचा धूर वर जातो, भाताची वाफ वर जाते, त्यात नवल नाही. पण वर गेलेली हवा थंड होऊन तितक्याच जोराने खाली आदळते, हे कुणाला खरं वाटत नाही. मी ओरडायचे, खोडायचे, पुन्हा काढायला लावायचे. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. आसनगावला दुसऱ्या मजल्यावर राहते, जिना चढले की गुडघे बोलतात, आणि मे महिन्यात दुपारी गॅलरीत बसलं की पूर्वेला घाटावर तोच ढग उभा राहिलेला दिसतो. मला कंटाळा आलाय. ढगाचा नाही म्हणा. त्याच्याबद्दलची एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही, घरातही नाही, आणि ती वागवून मी दमले आहे. म्हणून आता लिहून टाकते.

आमचं घर मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टोकावड्याच्या अलीकडे आत वळलं की लागणाऱ्या वाडीत. एकच लांब घर, मधे कारवीचा कूड घालून दोन केलेलं. एका बाजूला आम्ही, म्हणजे बाबा, आई आणि मी. दुसऱ्या बाजूला बाबांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळी वाडी अण्णा म्हणायची, आणि काकी. कूड म्हणजे काही भिंत नव्हे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या. लिंपण जिथे सुटलं तिथून पलीकडचा दिवा दिसायचा, आणि आवाजाला तर काही अडसरच नव्हता. अण्णांचा खोकला, काकीच्या बांगड्या, पाटावरवंट्याची घरघर, सगळं आमच्याच घरात असल्यासारखं. काकीने तव्यावर सुकट टाकली की इकडे आईला ठसका लागायचा आणि आई ओरडायची, "काय गो, मारतेस का आमाला?" तिकडून लगेच उत्तर, "जेवायला ये मग! मेलीस तरी पोटभर मरशील." काकीला मूल नव्हतं. माझी निम्मी जेवणं तिकडेच व्हायची. नागलीची भाकर, खुरासणीची चटणी, उन्हाळ्यात कच्च्या करवंदांचं लोणचं. ती वाढताना कधी विचारायची नाही, आधी वाढायची आणि मग "पुरे का?" म्हणायची.

भाऊ चुलीने वेगळे झाले होते, शेतीने नाही. नांगराच्या जोडीतला एक बैल अण्णांचा, खैऱ्या, आणि एक आमचा, चांद्या. काम एकत्र, दावणी आपापल्या. एकट्या बैलाने नांगर चालत नाही, त्यामुळे भावाभावांचं भांडण झालं तरी ते दोन दिवसांच्या वर कधी टिकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अण्णा कुडाशी येऊन खाकरायचे आणि म्हणायचे, "ऊठ रे, बैल उपाशी हायेत." बाबा उठायचे. माफी वगैरे मागायची आमच्याकडे पद्धत नव्हती, खाकरणं पुरायचं.

राब म्हणजे काय हे आता आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना सांगावं लागतं. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तो तुकडा पावसाआधी भाजून घ्यायचा. जमिनीवर शेण, ऐनाच्या तोडलेल्या डहाळ्या, वाळक्या पानांचा पातेरा, गवत असं एकावर एक अंथरायचं, वर मातीचा पातळ थर टाकायचा आणि पेटवायचं. तण जळतं, माती भुसभुशीत होते, रोप जोमाने येतं. पण पेटवायची एक रीत होती. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी पश्चिमेचा वारा वाहतो. म्हणून राब नेहमी पूर्वेच्या कडेने पेटवायचा. आगीला वाऱ्याच्या तोंडावर चालावं लागतं, ती हळूहळू पश्चिमेकडे सरकते, माती खोलपर्यंत भाजते आणि आग हाताबाहेर जात नाही. वारा जोराचा असेल तर वाट पाहायची, पडला की काडी लावायची. आमच्या राबाच्या पश्चिमेला एक बांध ओलांडला की अण्णांचा पेंढ्याने शाकारलेला गोठा आणि त्याला लागून पेंढ्याची उडवी होती. तिकडे ठिणगी जाईल अशी भीती कुणाला कधी वाटली नाही, कारण वारा तिकडूनच यायचा.

त्या वर्षी बाबांना हिवताप झाला आणि आमचा राब राहून गेला. वाडीतले सगळे राब भाजून काळे पडले होते, आमचाच एक तपकिरी. मी दहावीची परीक्षा देऊन बसले होते. पुढे शहापूरला मावशीकडे राहून कॉलेजात जायचं, असं बाबांनी ठरवलं होतं, आणि आईने तितकंच पक्कं ठरवलं होतं की जायचं नाही. वाडीतल्या माझ्या वयाच्या मुलींची लग्नं झाली होती. आई रोज भाकरी थापता थापता तेच काढायची आणि बाबा अंगावर घोंगडी ओढून भिंतीकडे तोंड करायचे. मला मात्र फार गर्व होता. भूगोलाचं पुस्तक मला तोंडपाठ होतं आणि ते तसं आहे हे मी दिसेल त्याला सांगायचे. आता त्या मुलीची मला कीव येते, आणि थोडा रागही येतो.

त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर अण्णा नांगराचा फाळ घेऊन टोकावड्याला लोहाराकडे निघाले. जाताना अंगणात थांबले, घाटाकडे पाहिलं. माळशेजच्या डोंगरावर पांढराशुभ्र ढग उभाच्या उभा वाढत होता, आणि त्याच्या अलीकडे घारी पंख न हलवता वर वर चालल्या होत्या.

"आज नको पेटवू रे," अण्णा बाबांना म्हणाले. "ढग उभा ऱ्हायलाय. उद्या सकाळी मी येतो, दोघं मिलून भाजू."

"रातीला पाऊस झाला म्हंजे?" बाबा ओटीवरून म्हणाले. "राब भिजला तर भाजायचा कसा?"

"भिजला तर भिजला. दोन दिवसांत सुकंल. आज नको."

अण्णा गेले. आई लाकडांना रानात गेली होती. बाबांनी मला राबावर लक्ष ठेवायला बसवलं, वारा कसा आहे ते बघ म्हणाले. मी बांधावर आंब्याखाली बसून राहिले. पश्चिमेचा वारा दुपारभर वाहत होता, पातेरा सरसर वाजत होता, तांबट पक्ष्याची टुकटुक एकसारखी चालली होती. चारच्या सुमाराला ते सगळं बंद झालं. आंब्याचं पान हलेना. तांबटही गप्प. ढग आता निम्म्या आभाळावर आला होता, पण पाऊस अजून लांब डोंगरावर करड्या पडद्यासारखा दिसत होता. मी पळत घरी आले.

"बाबा, वारा पडला! पेटवा आता!"

"दादा नको बोलला गो."

"अण्णांनी भूगोल वाचलाय का? गरम हवा वर जाते, तिचा ढग होतो, पाऊस तिकडं घाटावर पडतोय. हितं काय नाय. वारा पडलाय तवर पेटवा, नायतर सगला राब भिजंल."

मी हे ओरडूनच सांगितलं, मला हळू बोलता कधीच आलं नाही. कुडापलीकडे काकी वाळवणाच्या फेण्या घालत होती. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. बाबा हसले. तापाने डोळे लाल, तरी हसले. "मास्तरीणबाय बोलते म्हंजे पेटवायलाच पायजे," म्हणाले आणि घोंगडी टाकून उठले. पेंढ्याची चूड पेटवून त्यांनी पूर्वेच्या कडेला रीतसर आग लावली.

आता यातली माझी चूक मी खडू घेऊन समजावून देऊ शकते, बत्तीस वर्षं धडा म्हणून दिलीच आहे. दुपारभर वाहणारा तो पश्चिमेचा वारा त्या ढगाच्याच पोटात चालला होता. गरम, दमट हवा वर चढत होती, तिच्यातल्या वाफेचं पाणी होत होतं, त्यातून आणखी उष्णता सुटत होती आणि ढग आणखी उंच जात होता. मग वरचे थेंब आणि गारा इतक्या जड झाल्या की चढणाऱ्या हवेला त्या पेलवेनात. त्या पडताना हवेलाही खाली ओढतात. वाटेत काही थेंब सुकतात, त्याने हवा गार होते, गार झाली की जड होते आणि आणखी जोराने कोसळते. जमिनीवर आपटली की तिला जायला जागा नसते, मग अंगणात हंडा उपडा केल्यावर पाणी पसरतं तशी ती चारी दिशांना धावते. घाटाखालून ती आमच्याकडे निघाली होती. पश्चिमेचा वारा आणि ती समोरासमोर आले तेव्हा थोडा वेळ दोघांपैकी कुणाचंच चालेना. मी ज्याला वारा पडला म्हणत होते ते हे होतं.

मग ती आली. आधी ओल्या मातीचा वास, मग अंगावर शहारा येईल असा गार झोत, आणि पूर्वेकडून. आग पूर्वेच्या कडेला, पुढे सबंध न जळलेला राब, आणि पाठीत वारा. ज्या राबाला भाजायला दोन तास लागायचे तो डोळ्यादेखत एका दमात पेटला. ज्वाळा गरगर फिरत वर उठल्या, पेटलेला पातेरा त्या वावटळीत चढला आणि बांधापलीकडे अण्णांच्या उडवीवर जाऊन पडला. तिथून गोठ्यावर. खैऱ्या आत बांधलेला होता. बाबा तापाच्या अंगाने धावले, मी धावले, काकी पिठाच्या हातांनी धावली. बाबांनी दावं कोयत्याने तोडलं तोवर पेटलेला पेंढा बैलाच्या पाठीवर कोसळला होता. तो बाहेर आला आणि ओरडला नाही, नुसता उभा राहिला. आणि मग पाऊस. टपोरा, आडवातिडवा, गारांसकट. पाव तासात सगळी आग विझली. ज्या ढगाने वारा पाठवला त्यानेच विझवली, फक्त उशिरा.

पाऊस ओसरल्यावर बाबांनी मला विहिरीपाशी नेलं. "तू काय बोलली नायस. ध्यानात ठेव. तुजं नाव आलं तर शिकलेल्या पोरीनं बैल जालला असं वाडी बोलंल, आन तुजी आई तुला शहापूरला पाठवायची नाय." मी मान हलवली. तेवढं सोपं होतं ते. अण्णा फाळ खांद्यावर घेऊन भिजत आले. काकी त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली. थोड्या वेळाने ते बाहेर आले, आंब्याखाली बसवलेल्या खैऱ्याला पाहिलं, काकीने त्याच्या पाठीला खोबरेल लावलं होतं. मग आमच्या दाराशी आले.

"कोनी पेटवला?"

"मी," बाबा म्हणाले.

"तुज्याच मनानं?"

"माज्याच मनानं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"मी नको बोललो व्हतो. तरी तुज्याच मनानं?"

"व्हय."

ते वळून गेले. तिसऱ्या दिवशी खैऱ्या मेला. बाबा खड्डा खणायला गेले तर अण्णांनी त्यांच्या हातातली कुदळ काढून घेतली, रागाने नव्हे, जशी परक्या माणसाच्या हातातून घ्यावी तशी. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. तिसरा दिवस गेला, चौथा गेला, कुडाशी येऊन कुणी खाकरलं नाही.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. चांद्याला दुसऱ्या वाडीतल्या बैलाबरोबर जुंपलं, तो कधी नीट चालला नाही. कुडातून आवाज पूर्वीसारखेच यायचे. सुकटीने आईला ठसका लागायचा, पण ती पदर तोंडाला लावून गप्प बसायची. मी शहापूरला गेले, शिकले, शिक्षिका झाले. आईने विरोध केला नाही, घरात इतका शांतपणा होता की तिला बोलायला बळच राहिलं नव्हतं. वर्गात मुलं टॉर्नेडोची चित्रं पाहिली की हमखास विचारायची, "बाई, ते सोंडेवालं वादळ आपल्याकडं येल का?" मी सांगायचे, सहसा नाही येणार. आपल्याकडचा ढग सरळ उभा असतो. त्याची खाली पडणारी गार हवा त्याच्याच चढणाऱ्या गरम हवेच्या गळ्यावर बसते आणि तासाभरात तो संपतो. पण जिथे वरचे वारे खालच्या वाऱ्यांपेक्षा वेगळे आणि जोराचे असतात, तिथे ढग कलतो. चढणारी हवा एका बाजूला, पडणारी दुसऱ्या बाजूला, दोघी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत, आणि तसलं वादळ तासन्‌तास चालतं. मग कधी ते स्वतःभोवती फिरायला लागतं आणि ढगातून सोंड खाली उतरते. एकमेकांच्या वाटेत यायचं नाही, म्हणून ते टिकतं. हे वाक्य बोलताना मला दर वर्षी आमचं घर आठवायचं. बाबा सकाळी विहिरीवर गेले की अण्णा दुपारी जायचे. बाबा वारले तेव्हा अण्णांनी खांदा दिला, बोलले काही नाहीत. पुढे तेही गेले. मी सुट्टीत जायचे, काकीच्या पाया पडायचे, सांगायचं ओठांवर यायचं आणि तसंच परत घेऊन यायचे.

गेल्या मे महिन्यात गेले. काकी नव्वदीच्या पुढे आहे, पाठीतून वाकली आहे, पण अजून फेण्या घालते. घरावर पत्रे आलेत. आमच्या बाजूला कुलूप आहे. कूड मात्र तसाच, तो कुणी पाडायचा हे कुणी ठरवलंच नाही. अंगणात खाटेवर फेण्या वाळत होत्या, ती एकेक उलटत होती. मी शेजारी टेकले. गुडघे दुखत होते, बसने अंग आंबलं होतं, आणि अचानक मला वाटलं की आता हे परत आसनगावपर्यंत नेणं आपल्याच्याने होणार नाही.

"काकी, त्या दिवशी राब पेटवा असं मी बोलले होते. बाबा नाय."

"ठाव हाय," काकी म्हणाली. फेणी उलटायची थांबली नाही.

"कधीपासून?"

"तेवाच. कूड हाय गो मधी. तुजा आवाज तेवा पन शालंतल्या बाईसारकाच व्हता."

"आणि अण्णांना?"

"मीच सांगितलं ना. ते आले तसं आत नेऊन सांगितलं. ते बोलले, पोर हाय, चुकलं, तिला काय बोलायचं. आन गेले बाहेर."

"मग बाबांना विचारलं कशाला?"

"भावाच्या तोंडून ऐकायचं व्हतं. दोनदा विचारलं, तो दोनदा खोटं बोलला. मधी तुज्याकडं पन बगितलं." तिने आता हात थांबवला. "बैलाचं दुख जातं गो. तुमी आमाला परकं धरलं, ते नाय गेलं. तुला शिकवू नको असं ते कदी बोलले व्हते? तू पास झालीस तेवा टोकावड्याला जाऊन पेढे आनले. मला बोलले, खा, पन तिकडं आवाज करू नको."

मला रडू आलं नाही, त्याचंही वय निघून गेलं असावं. नुसतं फार थकल्यासारखं झालं. पेढ्याचा कागद सोडल्याचा आवाज सुद्धा आला असता कुडातून. तो येऊ नये म्हणून ती दोघं किती हळू खात बसली असतील, एवढंच डोळ्यांपुढे येत राहिलं.

पश्चिमेचा वारा दुपारपासून वाहत होता. तो थांबला. काकीने मान वर करून आंब्याकडे पाहिलं, घाटाकडे पाहिलं सुद्धा नाही.

"वारा पडला. उचल ती बाजू, आत घेऊ."

मी खाटेची एक बाजू उचलली, तिने दुसरी. दोघींच्या कमरा कुरकुरल्या. खाट आत घेऊन दार लावतो न लावतो तोच घाटाकडून झोत आला आणि पत्रे धडधडले. आत अंधारून आलं होतं. खुंटीवर अण्णांची टोपी अजून होती. मी कुडापाशी तोंड करून उभी राहिले, खाकरले, आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा त्या आवाजात म्हणाले, "अण्णा, मी सांगितलं व्हतं पेटवायला. बाबा नको बोलत व्हते."

पलीकडे आमच्या रिकाम्या घरात तो आवाज जाऊन आला.

"येवढंच पायजे व्हतं," काकी म्हणाली, आणि ओल्या राहिलेल्या फेण्या वेगळ्या काढायला लागली.